वांगं तेच, प्रांत सात

निरनिराळ्या प्रांतांतल्या भाज्या घरी करून बघायचं मनात आलं, की आपण आधी मसाले आणतो. सांबार मसाला, पंचफोडण, काश्मिरी तिखट, आणखी कसली कसली पाकिटं. दोन महिन्यांनी त्यातली निम्मी रबर लावून फ्रीजच्या दारात पडलेली असतात. मीही हे केलंय. मग एका थंडीत उलटा उद्योग केला. भाजी एकच धरली, वांगं, आणि ती कुठे कशी करतात ते एकामागून एक करत गेले. घरच्यांनी तिसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू केली, पण तोवर मला हवं ते कळलं होतं.

तीनच गोष्टी बघायच्या. तेल कुठलं आणि ते किती तापवायचं. रस दाट कशाने होतो. आंबटपणा कशाचा. खडा मसाला त्याच्या नंतर येतो. देशावर दाण्याचं कूट, तीळ आणि सुकं खोबरं. सोलापूर ओलांडून उत्तर कर्नाटकात शिरलं की त्यात कारळं येतं. आंध्रात हरभरा डाळ आणि उडदाची डाळ भाजून दळतात. बिहारच्या चोख्यात, म्हणजे भाजून कुस्करलेल्या वांग्यात, दाटपणासाठी काहीच नाही, वांगंच पुरतं. या तिन्हींची उत्तरं पक्की असली की एखादा मसाला नसला तरी भाजी आपल्या गावाची राहते. ती चुकली, तर घरात सगळे डबे असूनही सगळ्या भाज्यांची चव एकच लागते, आणि ती बहुधा कांदा-टोमॅटोची असते.

पुढची सगळी मापं चार माणसांची. वाटी म्हणजे आमटीची, चमचा म्हणजे पोह्यांचा.

बाजारात

भरताचं वांगं आणि भरायचं वांगं ही दोन वेगळी वांगी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

भरतासाठी मोठं, पण हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागणारं वांगं घ्या. जड वांग्यात बहुतेक वेळा बिया भरलेल्या असतात. साल तकतकीत हवी, देठ हिरवा आणि घट्ट. अंगठ्याने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. निस्तेज, पिवळट झाक आलेलं वांगं जून असतं. त्याच्या बिया तपकिरी निघतात आणि भरीत कडवट लागतं.

जळगावकडचं भरताचं वांगं मिळालं तर दुसरीकडे बघूच नका. हिरवट पांढरं, लांबोडकं, आतून लोण्यासारखं, बिया नावाला. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यासाठी घेतात. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ते मिळालं नाही तर मोठं जांभळं चालेल, फक्त बियांकडे लक्ष ठेवा.

भरायला लहान वांगी हवीत, लिंबापेक्षा थोडी मोठी, सगळी सारख्या आकाराची. काटेरी असतील तर उत्तम. सांगली-साताऱ्याकडे कृष्णाकाठच्या वांग्यांचं कौतुक असतं ते उगाच नाही. त्यांची साल पातळ असते आणि रसात शिजूनही वांगं अख्खं राहतं.

आता किडीचं. भोक असलेलं वांगं आपण टाकतो आणि बिनभोकाचं विश्वासाने घेतो. पण बाहेरून दिसणारं ते मोठं भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. ती आत शिरते तेव्हाचं भोक इतकं बारीक असतं आणि असं बुजतं, की दिसतच नाही. म्हणून बाहेरून तपासून समाधान मानू नका. चिरल्यावर प्रत्येक वांगं उघडून आत बघा. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी शेतकऱ्याला इतकी छळते, की बीटी वांग्याचा, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या वांग्याचा, सगळा घाट तिच्यासाठीच घातला होता. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये त्याला स्थगिती दिली. त्यामुळे आपल्या विळीवर अळी निघते ती निघतेच.

चिरताना

चिरलेलं वांगं हवा लागली की काळं पडतं. एका पातेल्यात पाणी आणि चमचाभर मीठ घालून ठेवा आणि फोडी थेट त्यात सोडा. पाण्यात बुडून राहिल्या पाहिजेत, म्हणून वर एक ताटली ठेवा. दहा मिनिटं पुरतात. तासभर ठेवली तर वांगं पाणी पितं आणि शिजताना फसफशीत होतं.

आणि तेल. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, आत हवेच्या बारीक पोकळ्या. कच्ची फोड तेलात पडली की ती तेल शोषून घेते आणि कढई कोरडी पडते. मग आपण अजून तेल ओततो. यावर उपाय दोन. तळायचं असेल तर आधी मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टिपा. मिठाने गर खचतो आणि तेल कमी पितो. रस्सा करायचा असेल तर तेलात परतल्यावर लगेच झाकण ठेवून वाफ आणा. वाफेने तेच काम होतं. वांगं शिजत आलं की प्यालेलं तेल परत सोडतं. कडेने तेल दिसायला लागलं की समजा, भाजी होत आली.

देशावरची भरली वांगी

सुरुवात याच भाजीने करा, कारण पुढच्या दोन तिच्यातूनच निघतात.

लहान वांगी 10 ते 12, म्हणजे साधारण अर्धा किलो. दाण्याचं कूट पाऊण वाटी, भाजून जाडसर कुटलेले तीळ 2 चमचे, भाजलेलं सुकं खोबरं पाव वाटी, गोडा मसाला 3 चमचे, तिखट 2 चमचे, पाव चमचा हळद, मीठ, सुपारीएवढे गुळाचे दोन खडे, चिंचेचा दाट कोळ 2 चमचे, मूठभर कोथिंबीर. फोडणीला तेल 5 चमचे, मोहरी, हिंग, कढीपत्ता.

देठ कापू नका. त्याचं टोक आणि टोपीवरचे काटे तेवढे काढा. देठामुळेच वांगं एकत्र राहतं. खालच्या बाजूने अधिक चिन्हासारखे दोन छेद द्या आणि देठापासून बोटभर अलीकडे थांबा. आत बघा, मिठाच्या पाण्यात सोडा.

दाण्याचं कूट जाडसर हवं. मिक्सर सलग फिरवला तर दाण्यांना तेल सुटून गोळा होतो. बटण दोन-तीनदा दाबून सोडायचं, बस. दाणे खमंग भाजलेले हवेत, सालावर काळे ठिपके येईपर्यंत, आणि पूर्ण गार झाल्यावरच कुटायचे. या भाजीची निम्मी चव इथे ठरते. कच्चट दाण्यांचं कूट घातलं तर नंतर कितीही मसाला ओता, भाजी पिठूळ लागते.

गोडा मसाला म्हणजे धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर यांचा भाजलेला, गडद मसाला. नावात गोड असलं तरी तो गोड नसतो. कांदा-लसूण मसाला ही वेगळी गोष्ट, आणि तो वापरून कोल्हापूर-साताऱ्याकडे करतात ती भरली वांगीही वेगळी. तीही फक्कड होते, पण मग गूळ हात आखडून घाला, नाहीतर दोन्ही एकमेकांशी भांडतात.

कोरडं साहित्य, गूळ, कोळ आणि मीठ हाताने कालवा. मुठीत दाबलं की मुटका व्हावा, बोटाने टोचलं की फुटावा, इतपत ओलसर. चिकट पेढ्यासारखं झालं तर अजून कूट घाला. आता चाखून बघा. या क्षणी सारण थोडं जास्तच खारट, तिखट आणि आंबट लागलं पाहिजे, कारण वांग्याला स्वतःची चव फारशी नसते. माझी आजी सारणाचा कण जिभेवर ठेवून डोळे बारीक करायची. डोळे बारीक झाले नाहीत तर मीठ कमी, असं तिचं माप.

वांगी निथळून कोरडी करा, सारण दाबून भरा. सगळं संपवू नका, तीन-चार चमचे बाजूला ठेवा.

पसरट, जाड बुडाच्या कढईत तेल तापवून मोहरी तडतडू द्या. हिंग, कढीपत्ता. वांगी एका थरात लावा. एकावर एक रचली तर खालची विरघळतात आणि वरची कच्ची राहतात. मध्यम आचेवर हलक्या हाताने फिरवत चार मिनिटं परता. सालीचा रंग बदलून ती चमकायला लागली की कढईवर खोलगट ताटली ठेवा आणि ताटलीत पाणी ओता. झाकणावर पाणी असलं की आतली वाफ त्याला लागून परत खाली ठिबकते आणि मसाला बुडाला लागत नाही. वरचं पाणी कढत होतं, ते पुढे रसाला कामी येतं.

आठ मिनिटांनी वांगी उलटा. राहिलेलं सारण टाका, ताटलीतलं कढत पाणी वाटीभर कडेने सोडा. गार पाणी ओतू नका, शिजणं मध्येच अडतं आणि वर आलेला तवंग मोडतो. पुन्हा झाकण, मंद आच, दहा मिनिटं. देठाजवळ सुरीचं टोक सहज गेलं पाहिजे. तिथे अडलं तर वांगं कच्चं आहे, खालून कितीही मऊ लागो.

चिंचेबद्दल एक. आंबटामुळे भाजी शिजायला वेळ लागतो. वांगी जरा जून असतील तर सारणात कोळ न घालता तो शेवटच्या पाच मिनिटांत रसात घाला.

ही भाजी गॅस बंद केल्यावर अर्धा तास तशीच झाकून ठेवा. लगेच वाढली तर वांगं वेगळं आणि मसाला वेगळा लागतो.

त्याच वांग्यांची एण्णेगायी

कन्नडमध्ये एण्णे म्हणजे तेल आणि कायी म्हणजे कच्चं फळ, भाजीचं फळ. नावातच तेल आहे, तेव्हा इथे कंजुषी नको, 7-8 चमचे घ्या. पद्धत वरचीच, सारण बदला. दाण्याचं कूट अर्धी वाटी, भाजलेल्या कारळ्याची पूड 3 चमचे, तीळ 1 चमचा, सुकं खोबरं पाव वाटी, 6-7 लसूण पाकळ्या, चिंच, गूळ, तिखट. गोडा मसाला नाही. कारळं मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंतच भाजा. करपलं की कडू होतं, आणि काळंच असल्यामुळे करपलेलं दिसत नाही. नाकाने ओळखायचं. फोडणीत एक कांदा बारीक चिरून घातला तर रस अंगाबरोबर राहतो. बरोबर ज्वारीची भाकरी. पोळीशी ही भाजी जमत नाही, असं माझं मत. घरात यावर एकमत नाही.

आणि आंध्रची गुत्ति वंकाय

इथे दाटपणा डाळींचा. कोरड्या कढईत हरभरा डाळ 2 चमचे आणि उडीद डाळ 1 चमचा आधी तांबूस भाजा. मग धणे 2 चमचे, सुक्या मिरच्या 6 ते 8, जिरं अर्धा चमचा, शेंगदाणे 2 चमचे, शेवटी तीळ 1 चमचा. सगळं एकदम टाकलं तर तीळ जळतात आणि डाळ कच्ची राहते. गार करून दळा. पूड रव्यासारखी हवी, दाताखाली किंचित लागणारी. त्यात मीठ, हळद आणि चिंचेचा दाट कोळ. गूळ नाही, घातलाच तर चिमूटभर.

वांगी भरून तेलात मंद आचेवर, जवळजवळ पाण्याशिवाय शिजवा. डाळीची पूड पाणी ओढून फुगते आणि बुडाला चिकटते, म्हणून देशावरच्या वांग्यांपेक्षा जास्त लक्ष लागतं. भातावर तूप घालून ही कोरडी भाजी कालवायची. पहिल्यांदा केली तेव्हा मी सवयीने रस ठेवला आणि तिचं पिठलं झालं.

खान्देशी भरीत

भरीत म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला दह्यातलं आठवतं. भाजलेलं वांगं कुस्करायचं, गार झाल्यावर दही, कूट, कोथिंबीर, वरून हिंग-मोहरीची गार फोडणी. तेही चांगलं, दहा मिनिटांचं काम. खान्देशी भरीत म्हणजे मात्र समारंभ. थंडीत शेतात मंडळी जमतात, तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात आणि लाकडी भांड्यात मुसळाने ठेचतात. चव त्या जाळाच्या धुराची. गॅसवर ती पूर्ण येत नाही, पण बरीच जवळ जाता येतं.

भरताची वांगी 1 किलो, हिरव्या मिरच्या 10-12 (कमी तिखट घ्या, पण संख्या कमी करू नका), लसणाच्या 15-20 पाकळ्या, कांद्याच्या पातीची एक जुडी, शेंगदाणे अर्धी वाटी, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मूठभर, कोथिंबीर, तेल अर्धी वाटी, जिरं, मीठ. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच. भरताचा रंग हिरवट पांढराच राहिला पाहिजे.

वांगी धुऊन पुसून तेलाचा हात लावा. सुरीने चार-पाच ठिकाणी खोलवर टोचा. हे विसरू नका. मी एकदा विसरले. सातव्या मिनिटाला फट्‌कन आवाज झाला आणि पुढचा अर्धा तास ओट्यामागच्या फरशीवरून वांगं खरवडण्यात गेला. आत वाफ कोंडते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते, एवढंच.

मध्यम ज्योतीवर थेट ठेवा. मोठ्या ज्योतीवर साल जळते आणि आतलं कच्चं राहतं. अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या वांग्याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. दर दोन-तीन मिनिटांनी फिरवा आणि देठाकडची बाजू शेवटी उभी धरून भाजा, तिथला गर सगळ्यात उशिरा शिजतो. साल पूर्ण काळी, कोरडी, कागदासारखी झाली पाहिजे. मध्ये जांभळे डाग राहिले तर तिथली साल गराला धरून बसते. वांगं ढेपाळलं आणि टोचल्या जागेतून फेसाळ रस यायला लागला की झालं.

त्याच ज्योतीवर जाळी ठेवून मिरच्या आणि लसूण भाजा. लसूण सालीसकट, म्हणजे करपत नाही.

वांगी पातेल्यात ठेवून दहा मिनिटं झाका. वाफेने साल सैल होते. मग हाताने सोला. चिकटलेले कण काढायला बोटं पाण्यात बुडवून घ्या, पण वांगं नळाखाली धरू नका. पंधरा मिनिटं खपून आणलेला धुराचा वास मोरीत जातो. काळे चार कण राहिले तर राहू द्या.

सोललेला गर चाळणीत पाच मिनिटं निथळत ठेवा. खाली तपकिरी पाणी गळतं, ते टाका. कडवटपणा असलाच तर तिथे जातो. आता खलबत्त्यात आधी मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचा, मग वांगं घालून ठेचा. मिक्सर नको. मिक्सरने वांग्याचा लगदा होतो, ठेचलेल्या भरतात धागे राहतात. बत्त्याचा आवाज ठक्‌ वरून पच्‌ वर आला की पुरे.

कढईत तेल तापवून शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळून बाजूला काढा. त्याच तेलात जिरं, मग पातीचा पांढरा भाग मिनिटभर, मग भरीत. तीन-चार मिनिटं परता. हिरवी पात, कोथिंबीर आणि तळलेले दाणे गॅस बंद केल्यावर, म्हणजे दाणे कुरकुरीत राहतात. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. पुरी आणि वांगं, दोन्ही तेलकट, हे जेवणापूर्वी मनात आणू नये.

चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत ते त्या दिवशी परत येतं. आषाढातल्या कांदेनवमीला कांदा, लसूण आणि वांगं पोटभर खाऊन निरोप दिलेला असतो, तेव्हापासूनची ही वाट. बाजाराचंही तेच म्हणणं आहे. थंडीतलं वांगं पावसाळ्यातल्यापेक्षा कितीतरी सरस असतं.

तेच भाजलेलं वांगं, बिहारला

चोख्यासाठी भाजणं, झाकणं, सोलणं अगदी असंच. फक्त टोचलेल्या जागी लसणाच्या दोन-तीन पाकळ्या खुपसा, त्या आतल्या आत शिजतात. शेजारी दोन टोमॅटोही भाजा. मग शिजवणं संपलं. गर कुस्करून त्यात टोमॅटो, बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू आणि मोहरीचं कच्चं तेल 2 चमचे. फोडणी नाही. कच्च्या मोहरीच्या तेलाचा नाकात जाणारा झटका हाच इथला मसाला. शेंगदाण्याचं तेल घालून चोखा करू नका, त्याला चोखा म्हणायचं कारणच उरत नाही. पहिल्यांदा खाणाऱ्यासाठी एक चमचा घाला, सवय झाली की वाढवा. बरोबर लिट्टी असते, म्हणजे सातूचं सारण भरून भाजलेले कणकेचे गोळे, पण वरण-भाताशीही छान जातो.

बंगाल आणि काश्मीर

मोहरीचं तेल दोन्हीकडे, पण इथे ते आधी धूर निघेपर्यंत तापवून, आच कमी करून वापरायचं. धूर निघाला की झणका उतरतो आणि गोडसर वास उरतो. चोख्याची बाटली आणि बेगुन भाजाची, म्हणजे बंगालच्या तळलेल्या वांग्याची, बाटली एकच, चवी दोन.

बेगुन भाजासाठी मोठ्या वांग्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या. पातळ कापल्या तर आपले काप होतात. मीठ, हळद, थोडं तिखट आणि अर्धा चमचा साखर चोळून पंधरा मिनिटं ठेवा. साखरेने कडा खरपूस, तांबूस होतात. पाणी टिपा आणि मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं तळा. रवा नाही, पीठ नाही. सुरी न लावता बोटाने तुटली पाहिजे, आत खीर आणि बाहेर पापुद्रा. तव्यावरून थेट पानात. थांबली की मरगळते. बरोबर मुगाची खिचडी.

काश्मिरी पंडितांकडचं चोक वांगुन हे माझ्या लेखी या सगळ्यांतलं सर्वांत अनपेक्षित. कांदा नाही, लसूण नाही, टोमॅटो नाही, आणि तरी रस असा की भात कमी पडावा. अर्धा किलो लांब वांग्यांचे उभे चार भाग करा, मीठ लावून टिपून मोहरीच्या तेलात तळून काढा. त्याच तेलातलं चार चमचे ठेवा. त्यात हिंग आणि 3 लवंगा. गॅस बारीक करून दीड चमचा काश्मिरी तिखट पाव वाटी पाण्यात कालवून ओता. कोरडं तिखट तेलात टाकलंत तर काळं पडेल आणि लाल रंगाचा सगळा खेळ संपेल. तेल सुटलं की बडीशेपेची पूड 2 चमचे, सुंठ पूड 1 चमचा, दीड वाटी गरम पाणी आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. उकळी आली की वांगी सोडा आणि झाकण न ठेवता दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. ढवळू नका, कढई हलवा. बडीशेप मुखवासातली भाजलेली घेऊ नका, कच्ची दळून घ्या. गूळ घालायचा मोह होतो, मलाही झाला. आवरा.

उरलं तर

भरल्या वांग्यांचं सारण जास्त झालं तर चिंच घालण्याआधीचं कोरडं मिश्रण बंद डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. शिमला मिरची, दोडका, तोंडली, त्यात काहीही भरा. डाळीची आंध्र पूड तर महिनाभर टिकते आणि गरम भात-तुपावर नुसतीही खातात.

उरलेल्या खान्देशी भरतात ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ मावेल तेवढं मळून थालीपीठ लावा. वेगळं मीठ घालायची गरज नसते. चोखा मात्र ठेवू नका, कच्च्या कांद्याला सकाळपर्यंत वास येतो. भरली वांगी दुसऱ्या दिवशी मोकळ्या भातात कुस्करून परतली, की कर्नाटकातल्या वांगीबातची आठवण येईल असं काहीतरी होतं. गंमत म्हणजे कन्नडमध्ये वांग्याला बदनेकायी म्हणतात, आणि तरी तिकडच्या हॉटेलातल्या पाटीवर आपलं वांगी बसलेलं असतं. भात परतताना देठ आधी काढून टाका. कोणाच्या तरी घासात ते येतंच.